दोन बोटांची ढिलाई

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच. प्रत्यक्षात आडवा झालो तर उभं कोण करणार?) तुझे गुडघे, तुझे दात आणि शेजारणीशी चाललेलं तुझं भांडण, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. ब्याऐंशीव्या वर्षी तू दोन जिने न थांबता चढतेस, हे लोकांना सांगून मी आजवर पुष्कळ भाव खाल्ला.

इकडची हकीकत बरी नाही. हिची डावी बाजू गेल्यापासून हिला पलंगावरून खुर्चीत बसवायचं काम माझं. (इतकी वर्षं तिने मला उठवलं-बसवलं, आता माझी पाळी.) पण गेल्या थंडीत ती माझ्या हातून निसटली आणि लेक कामावरून येईपर्यंत आम्ही दोघं बाथरूमच्या फरशीवर बसून राहिलो. लेकीने तिथल्या तिथे ठरवलं, आईला शुश्रूषागृहात ठेवायचं. मी हातापाया पडून तीन महिने मागून घेतले. व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई येऊ लागल्या. म्हणाल्या, वयाबरोबर स्नायू झडतात, पण त्यांना कामाला लावलं आणि नीट खाऊ घातलं तर या वयातही ताकद येते. मग काय, हात न टेकता खुर्चीतून दहादा उठायचं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलायच्या, रोज दोन अंडी, दूध, मूठभर शेंगदाणे. जन्मभर शिलाई मशीनवर बसून खाल्लेल्या माणसाला म्हातारपणी उठायचे धडे!

बाईंनी पहिल्या दिवशी माझ्या मांडीचं माप वहीत लिहून ठेवलं होतं. पुढे मी रोज माझ्या टेपने घेत गेलो, आणि मांडी चांगली दीड इंच भरली. मी हरखलो. लेकीला बोलावलं, तिच्यादेखत हिला उचललं, आणि आम्ही पुन्हा फरशीवर. ही अर्ध्या तोंडाने हसली. मला मात्र रडू आवरेना. बाईंनी टेप लावली तर मांडी सूतभरही वाढलेली नाही. ताई, पन्नास वर्षांची सवय गं. पँटचं माप घेताना ढिलाईसाठी टेपखाली दोन बोटं घालतो ना, तशी मी स्वतःच्या मांडीलाही घालत होतो.

ताकद आली, नाही असं नाही. एकटा दहादा उठतो, बाई खूश आहेत. पण हिला उचलण्याइतकी ती नाही. सोमवारी हिला नेतील. तिच्याशिवाय या घरात मी काय करू, मला काही सुचत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. : तू व्यायाम आणि अंडी सोडू नकोस. गुण येतो, हे मी अनुभवाने सांगतो.

आणखी ता. क. : त्या शुश्रूषागृहात जोडप्याला एक खोली मिळते, पण स्वतःहून खुर्चीतून उठणाऱ्याला घेत नाहीत. महिनाअखेरीस त्यांचे डॉक्टर मला तपासणार आहेत. परवापासून मी अंडी, दूध बंद केलंय आणि दिवसभर नुसता बसून असतो. लेक तुला फोन करील. आपल्या घराण्यात सगळ्यांचे पाय लवकर जातात, एवढं एक खोटं माझ्यासाठी बोल.