सर, पुसू नका

४ ऑगस्ट, लातूर
प्लायवूडच्या पलीकडे फिजिक्सची शे-दीडशे पोरं. अलीकडे कॉम्प्युटरची जावा भाषा शिकणाऱ्या आम्ही सहाजणी. क्लासच्या मालकांना प्लायवूड काढून एकच मोठा हॉल करायचाय. आमचे सर भांडून आले. ठरलं ते असं: पलीकडच्या पोरांच्या चाचणीचे मार्क पालकांच्या मोबाइलवर पाठवणारा प्रोग्राम आमच्या बॅचनं करून द्यायचा. चालला तर बॅच राहील. सरांनी काम माझ्यावर टाकलं. बॅच गेली तर अब्बा उदगीरला परत नेणार, शिकायला पुण्याला एकटीला काही धाडणार नाहीत.

७ ऑगस्ट
झाला प्रोग्राम! स्ट्रिंगबफर, म्हणजे मजकूर जुळवायची तात्पुरती जागा, फार सोयीचा. एकच बफर घ्यायचा, त्यात नाव-मार्क जोडायचे, यादीत टाकायचा, पुढचं नाव आलं की रिकामा करायचा. रूममेट सुनीता म्हणते, "तू तर इंजिनिअरच झालीस की गं शबाना!" उद्या मालकांसमोर.

८ ऑगस्ट
तोंडावर आपटले. स्क्रीनवर प्रत्येक पालकापुढे एकच नाव, एकच मार्क. शेवटच्या पोराचे. अडतीस.
मालक: "समद्यांना अडतीस? पालक क्लास पेटवतेत की, पोरी!"
धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, हे लिहिणार होते. पण सर भूकंपात गेलेल्या गावचे. नाही लिहवत.
सर एवढंच म्हणाले, "माझी पोरगी करती नीट. शुक्रवारी बघा." कीबोर्डला हातसुद्धा लावला नाही. आपल्यावर कुणी इतका भरवसा टाकावा!

९ ऑगस्ट
चूक सापडेना. ओळ न् ओळ वाचून डोळे दुखले. शेवटी सरांना म्हटलं, सांगून टाका ना.
"पलीकडं पोरं काय ओरडायलीत, ऐक जरा."
पलीकडे रोजचंच. फिजिक्सचे सर भराभर फळा भरतात, पुसायला वळतात, की सगळी पोरं एका सुरात: "सर, पुसू नका!"
या अल्ला. मी यादीत दर वेळी फळाच टांगत होते! फळा एकच. पुसला की सगळीकडचा पुसला, शेवटी लिहिलेलं तेवढं उरलं. पुसण्याआधी वहीत उतरवून घ्यायला हवं. टूस्ट्रिंग ही आज्ञा म्हणजे तेच की. बफरमधलं स्ट्रिंगमध्ये, म्हणजे वहीत, उतरवलं की मग बफरचं काही होवो, स्ट्रिंग बदलत नाही. यादीत टाकताना तेवढं एक जोडलं. ज्याचे मार्क त्याला!
सरांनी चहा मागवला. पिता पिता गावाचं बोलले, पहिल्यांदाच. "आमचं जुनं गाव कुणी उतरवून घेतलं न्हाई बघ. नव्या गावात म्हातारी माणसं आजून भांडतेत, पार हिकडं होता का तिकडं."
चहा गार झाला. हा माणूस इतक्या हसऱ्या तोंडानं शिकवतो कसा?

११ ऑगस्ट, शुक्रवार
चालला! मालकांचा मुलगाही पलीकडच्या बॅचला. त्याचे खरे मार्क थेट बापाच्या फोनवर. प्रोग्राम पास, मुलगा नापास. मालक "वा, वा" म्हणाले, चेहरा मात्र उतरला.
"मग आमची बॅच?" मी धिटाईनं विचारलं.
"बघू."
दुपारी सुतार टेप घेऊन प्लायवूड मोजायला आला. सर थांबले नाहीत, पाठमोरे फळा भरत राहिले. एरवी ते आम्हाला विचारूनच पुसतात, ओरडायची वेळ कधी आली नाही. आज न विचारता डस्टर उचलला.
"सर, पुसू नका!" मीच ओरडले. मागून पाचही जणी.
सरांनी डस्टर खाली ठेवला. सुताराकडे पाहिलं, मग आमच्याकडे.
"घ्या उतरवून. सावकाश."
सुतार टेप धरून उभा होता. आम्ही कुणीच घाई केली नाही.