तुमच्या नाकेदारांले मी उठवते

प्रिय प्रकाशचे बाबा,

‘प्रिय’ लिहिलं खरं, पण लिहिल्यावर इकडंतिकडं पाहून घेतलं. तुम्ही होते तेव्हा हा शब्द कधी तोंडातून निघाला नाही. आता तुम्हाले काही म्हणता येत नाही, म्हणून लिहून टाकला.

पत्राचं कारण असं की काल प्रकाश पुण्याले परत गेला. मले न्यायले आलता, एकटाच गेला. काय झालं ते साऱ्या मोहल्ल्याले माहीत आहे, दूधवाल्यालेही माहीत आहे. एक तुम्हीच राह्यले. यात तुमच्या त्या बाजूच्या नाकेदारांचं नाव येते, म्हणून माझ्याच तोंडून ऐका. रागावू नका. अन् रागावले तरी आता काय करता?

तुम्ही गेल्यापासून प्रकाशचं फोनवर एकच चाललं होतं, “आई, तू इकडं ये.” मी म्हणे, “पाहू.” मग एक दिवस आंगणात पाय घसरला अन् मी गुडघ्यावर पडली. हाड शाबूत राह्यलं, पण हिंमत गेली. खाटेवरून उठताना कोणीतरी धरावं असं वाटे. प्रकाशले मी काही सांगतलं नाही. पण आपल्या मोहल्ल्यात काही लपते का? संध्याकाळपर्यंत बातमी पुण्यात पोचली. “दिवाळीले येतो, अन् तुले घेऊनच जातो,” त्यानं सांगून टाकलं.

एक बोलू? यात तुमचाही हात आहे. तुम्ही मले फार सुखात ठेवलं. बाजार तुम्ही करा, बिल तुम्ही भरा, गॅसची टाकी तुम्ही लावा. त्या रेग्युलेटरचं मले इतकं भेव, की तुमच्यामागं टाकी संपली तर शेजारून पोळ्या मागून खाल्ल्या, पण टाकीले हात लावला नाही. असं कोणी बायकोले ठेवते का हो?

तेवढ्यात समोरच्या वंदनानं मंडळ काढलं. वंदना म्हणजे मेश्रामांची मोठी सून, जिच्या स्कूटीनं तुमची दुपारची झोप मोडे तीच. मोहल्ल्यात जे म्हातारे एकटे राहतात त्यांच्या घरी बायकांनी रोज जायचं, अन् त्यांले चालतं-फिरतं ठेवायचं, असं हे मंडळ. नियम एकच, कामाले हात लावायचा नाही. जवळ उभं राहायचं, लक्ष ठेवायचं, काम म्हाताऱ्या माणसानंच करायचं. “आपण केलं की ते बसतात, काकू. अन् एकदा बसले की बसलेच,” वंदना म्हणे.

नियम चांगला, पण आपल्या बायका तो पाळतील तर ना! पहिल्या दिवशी दोघी “नुसत्या उभ्या राहतो” म्हणून आल्या. मी पदर सावरून उठेपर्यंत एकीनं आंगण झाडलं, दुसरीनं कणीक भिजवली. वंदनानं कपाळाले हात लावला. “अवं बायांनो, काकूले करू द्या ना.” तर म्हणतात कशा, “मग आमी काय हात बांधून पाहत राहू? आमाले कसंतरीच होते.” शेवटी वंदनानं उपाय काढला. त्यांच्यासमोर तांदळाचं सूप ठेवलं. त्यांनी तांदूळ निवडायचे अन् मी पोळ्या लाटायच्या. माझ्या घरचे तांदूळ या वर्षी इतके निवडले गेले, की त्यात खडाच काय, कणीही राह्यली नाही.

मग कसरती सुरू झाल्या. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं अन् बसायचं. ओटा धरून टाचा वर करायच्या. मी म्हटलं, या वयात मले काय पोलीसभरतीले जायचं आहे? पण केल्या. खोटं कशाले सांगू, गुडघा वळला. अन् टाकी मी लावली. मी लावून राह्यली तेव्हा वंदना दारात डोळे मिटून उभी होती. तिलेही त्याचं भेवच, हे तिनं मग कबूल केलं.

पावसाळा संपता संपता ती म्हणाली, “काकू, तुमी आता पक्क्या झाल्या. तुमाले एक घर देते. सकाळी सातले जायचं.” अन् नाव सांगतलं नाकेदारांचं.

मी सरळ नाही म्हटलं. या माणसानं जन्मभर जंगलखात्यात नाकेदारी करून लोकांले झाडं तोडताना पकडलं, अन् रिटायर झाल्यावर आपल्या आंगणातल्या शेंगांच्या मुंगण्याच्या फांदीले कुऱ्हाड लावली. का, तर त्यांच्या आंगणात पानं पडतात. तेव्हापासून तुम्ही त्यांच्याशी बोलले नाही, म्हणून मीही बोलली नाही. भिंतीपलीकडचा खोकला ऐकून दोघं एकमेकांची हजेरी घ्या, पण तोंड उघडायचं नाव नाही. किती वर्षं वाया घालवली हो तुम्ही दोघांनी?

पण वंदना म्हणाली, “तुमचे मास्तर गेले तवापासून काकाजी घराबाहेर निघाले नाहीत. खुर्चीतच राहतात.” हे मले माहीत नव्हतं. मी गेली.

पण तुमचा शब्द मी मोडला नाही. बोलली नाही. दारात स्टूल टाकून बसली अन् काठीनं फरशीवर ठोकलं. एकदा ठोकलं की उठायचं, दोनदा ठोकलं की बसायचं. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी उठले, पण हात टेकवून. मी असं ठोकलं की आतली मांजर पळाली. त्यांनी हात उचलले. मग रोज तसंच. ते तुमच्या बायकोशी बोलत नव्हते, मी तुमच्या दुश्मनाशी बोलत नव्हती, अन् कसरत चालली होती.

अन् दिवाळीच्या आधी प्रकाश आला.

वंदनानं मोबाइलवर सगळ्या बायकांले कळवलं, “काकूचा मुलगा येऊन राह्यला, काकूची इज्जत सांभाळा.” बस, नियम गेला उडत. सकाळीच एकीनं पातोड्या आणल्या, दुसरीनं चिन्नोरचा भात, तिसरीनं वांग्याची भाजी. एक माझे कपडे धुऊन राह्यली, एक देव घासून राह्यली. एकीनं तर मागून येऊन माझी वेणीच घातली. माया करून राह्यल्या बिचाऱ्या, काय बोलावं त्यांले? प्रकाश सोफ्यावर बसून सगळं पाहे. मी म्हटलं, “थांब, तुले खुर्चीची कसरत दाखवते.” तर धावत आला अन् माझा दंड धरला. “आई, बस. पडशील.”

संध्याकाळी म्हणाला, “आई, तुझ्यानं तर काहीच होत नाही. सगळं लोकच करतात. उद्या निघू.”

मले भांडायचं होतं, पण त्याचा चेहरा पाह्यला. तुमच्या वेळेले तो पोचू शकला नव्हता, ते त्याच्या डोळ्यांत तसंच आहे. मी हौ म्हटलं. बॅग भरली. प्रत्येक साडी घडी करताना रडली.

सकाळी सातले मात्र पाय आपोआप नाकेदारांकडं गेले. जाते म्हणून सांगायचं होतं. पण सांगणार कशी? आपण बोलतच नाही. म्हणून बसली अन् ठोकलं. ते उठले, बसले, उठले, बसले. तेवढ्यात प्रकाश शोधत आला. “आई, इथं काय करून राह्यली? गाडीची वेळ होऊन राह्यली.”

“गाडी? कुठची गाडी?” नाकेदारांनी विचारलं.

“आईले पुण्याले नेतो, काका.”

नाकेदारांनी काठी जवळ ओढली. मग उठले, हात न टेकता. खुंटीची पिशवी काढली, तिच्यात धोतर, टॉवेल अन् गोळ्या टाकल्या. “चल, मैं भी आता हूँ.”

“तुम्ही?” प्रकाश म्हणाला.

“मग? ही गेली तर मले उठवन कोन? तू उठवशीन? तू तर हात धरशीन.”

अन् निघालेच हो. पिशवी खांद्याले, काठी हातात, आपल्या फाटकातून आत. त्यांचं तोंडही आपल्या घराकडं किती वर्षांनी झालं असेल! आपल्या तीन पायऱ्या तुम्हाले माहीत आहेत, किती उंच आहेत. प्रकाश त्यांले धरायले धावला. मी ओरडली, “हात लावू नको त्यांले! चढतील ते.” अन् मग त्यांलेच म्हटलं, “सावकाश. कठडा धरा.”

बोलून गेली. तुम्हाले न विचारता बोलून गेली.

नाकेदार तिथंच थांबले. म्हणाले, “मास्तरीणबाई बोलल्या.” अन् चढले. तुमच्या खुर्चीवर बसले, ते मात्र मले आवडलं नाही. पण म्हटलं, बसू दे. तुम्ही असते तर तुम्हीच बसवलं असतं, फक्त तोंड वाकडं करून.

मी त्यांच्यामागून चढली. काही न धरता, हातात मी लावलेल्या त्यांच्या घराच्या कुलपाची किल्ली घेऊन. प्रकाश खाली उभा राहून माझ्या गुडघ्यांकडं पाहत होता. मग वर आला, माझी बॅग उचलली अन् आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

जाताना फाटकाजवळ म्हणाला, “आई, पडलीस तर मले सांगशील? खरं सांग.” लहानपणी रडताना काढे तसा ओठ काढला होता त्यानं. मी म्हटलं, “हौ. सगळ्यात आधी तुलेच सांगन.” मग आम्ही दोघंही रडलो, अन् तुम्ही तिथं नव्हते याचा मले फार राग आला. तुमची फार आठवण येते हो. घर माझ्यानं चालते, पण तुमच्याबिगर ते घर मोठं वाटते.

आता शेवटी एक वचन देते. मी इतक्यात तिकडं येत नाही. इथं मले सकाळी सातले कामावर जायचं असते. माझी वाट पाहत खाटेवर बसून राहू नका. तुम्हाले जन्मभर चहा करता आला नाही. तेवढा आता शिकून घ्या. मी येईन तेव्हा जवळ उभी राहीन, पण हात लावणार नाही.

तुमची,
सुमन