आईच्या नऊ वह्या आणि बंद पडलेला डब्बा

६ मे, मंगळवार
दुपारी दोनला लाइट गेली. सव्वातीनला आली ती एवढ्या जोरात की बल्ब पांढराफटक झाला आणि कॉम्प्युटरच्या डब्ब्यातून 'फट्'. मग काही नाही. बटण दाबलं, दाबून धरलं, मागची वायर काढून घातली, उचलून स्वयंपाकघरातल्या सॉकेटवर नेला. ढिम्म. फ्रिज चालतो, पंखा फिरतो, हाच एक मेला रुसलाय.

चारला आई खुर्चीत हजर. काचबिंदूने तिची नजर गेली. तिने पूर्वी लिहिलेल्या आठवणींच्या नऊ वह्या मी दोन वर्षं खपून टाइप केल्या, रोज चारला दोन पानं वाचून दाखवते. तिचा दिवस त्यावर चालतो.
"काहून, आज वाचत नाही का तू?"
म्हटलं, लाइट नाही. डोक्यावर पंखा घरघरत होता. तिला ऐकू येतं हे विसरले.

७ मे, बुधवार
तिवारी भैया आले. राइट टाउनात यांचं दुरुस्तीचं दुकान. झाकण उघडलं, आत एवढी धूळ की माझीच मान खाली. रॅमची पट्टी काढून चक्क शाळेच्या खोडरबरने घासली! फरक शून्य. मग नवा पॉवर सप्लाय लावला. आतला पंखा फिरला, मी टाळी वाजवली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ, डिस्क सापडत नाही. आणि आतून टक्... टक्... टक्.
"दीदी, बैकअप तो है न?"
तीस वर्षं गणित शिकवलं, पोरांना प्रत्येक उदाहरणाचा ताळा करायला लावला. स्वतः मात्र...
हार्ड डिस्क ते सिविल लाइन्समधल्या एका जाणकाराकडे घेऊन गेले. "उम्मीद आधी समझिए." समजले, आशा निम्मीच. पण घाबरायचं काय? मूळ वह्या माळ्यावर आहेतच. परत टाइप करीन.

८ मे, गुरुवार
माळा उपसला. रजया, समई, फुटका पाट. ट्रंक रिकामी. शे.ला फोन (शेखर, धाकटा, दीक्षितपुऱ्यात असतो).
"ताई, त्या तर मी दिवाळीच्या सफाईत ग्वारीघाटला नेल्या ना. पानापानावर श्री लिहिलेलं, रद्दीत कशा देणार? नर्मदाजीत सोडल्या."
"कोणाला विचारून?"
"तूच तर म्हटलं होतं. टाइप झाल्या, आता ठेवून काय करायचं."

म्हटलं होतं. पोळ्या लाटता लाटता. फोन हातात, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिले. ओरडायचं तरी कोणावर? आईचं सगळं आयुष्य मी एका वाक्यात बुडवलं.
चारला आई: "अजून नाही आली लाइट?"
"नाही."
उठून भिंत धरत आत गेली. तेच जास्त लागलं.

९ मे, शुक्रवार
सांगून टाकलं. वाटलं रडेल. ती हसली. खरंच हसली.
"नर्मदेत गेल्या? बरं झालं. माझ्या नव्हत्याच त्या."
म्हणजे?
"तुझे बाबा रोज संध्याकाळी वाचत होते ना. लाल पेननं सुधारून देत. मग त्यांना चालेल तेच लिहीत गेली मी."

त्या लाल शाईचं मला केवढं कौतुक. येईल त्याला दाखवायची, बाबांनी आईला कसं लिहितं केलं म्हणून. त्यांची एकेक दुरुस्ती निष्ठेने टाइप केली.
चौथी वही, मला पाठ आहे: संसारासाठी मी शाळेतली नोकरी आनंदाने सोडली. आई म्हणते, "राजीनामा त्यांनी लिहिला. सही पण त्यांनीच केली. मी सकाळी हजेरीचं रजिस्टर मागायला गेली, तर चपराशी म्हणे, बहनजी, आप तो छोड़ गईं न?"

बाबांनी? मला बी.एड.ला रोज सायकलवर सोडणाऱ्या बाबांनी? मला नोकरी लागली तेव्हा गल्लीभर पेढे वाटणाऱ्या...
जेवले नाही. राग कुणाचा आलाय ते कळत नाही. आईचासुद्धा आलाय. इतकी वर्षं गप्प!

११ मे, रविवार
सकाळी तिवारी भैयांचा फोन. "मुबारक हो दीदी, फाइलें दिख रही हैं. सब निकलवा दूँ?"
बुधवारी हे ऐकते तर नाचले असते. आज म्हटलं, "कल बताती हूँ."
आईला विचारलं, काढून घेऊ?
"ते तू पाहा. तुझी मेहनत आहे. पण चार वाजून राहिले ना? कोरी वही आण. मी सांगते, तू लिही. आता तपासायला कोणी नाही."

कोपऱ्यावरून शंभर पानी आणली. आई पदर सावरून बसली.
"लिही. रजिस्टर मागायला गेली त्या दिवशी मी निळी साडी नेसली होती."
पेन टेकवला. सवयीने हात आधी वर गेला, श्री लिहायला. लिहिलं की ही वहीसुद्धा एक दिवस नर्मदेत जाणार. शे. नेईल, किंवा मीच. हात तसाच वर राहिला.
"काहून थांबली?" आई म्हणाली.