दोन मिनिटं, डोळे मिटून

४ मार्च
डोळे पुन्हा लाल. थेंब घातला की आग, मग दिवसभर पापणीखाली वाळू. शेजारचा किल्लीवाला डोकावून म्हणाला, "काय मावशी, रफू करताय की कांदे चिरताय?" हसले. दोरा चौथ्या खेपेला सुईत गेला.

७ मार्च
थेंब घातले नाहीत. कालही नाही. डोळे पांढरेशुभ्र! एका कोटाच्या कोपराला भोक होतं. असं भरलं, की गिऱ्हाईक म्हणालं, "कुठे होतं हो?"

९ मार्च
नाही घातले.

१४ मार्च
तपासणी. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांचा दाब मोजला. पुन्हा मोजला.
"किती दिवस थेंब बंद आहेत?"
खोटं बोलता येईना.
"काचबिंदू दुखत नाही, थेंब दुखतात, म्हणून थेंब बंद. वा! उजव्याला कडेचं दिसत नाही ते मी परत आणू शकत नाही. आग मात्र कमी करू शकते. आधी मला सांगायचं तरी."
बाटलीतलं औषध टिकावं म्हणून त्यात काही घालतात, बहुतेक ते मला झोंबतं. आता ते नसलेल्या छोट्या कुप्या. एक वापरायची, टाकायची. एकच थेंब. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा — दोन मिनिटं. ओघळ टिपायचा. दहा मिनिटांनी कृत्रिम अश्रू. म्हणजे आता अश्रूही औषधांच्या दुकानातून!
निघताना विचारलं, "घरात आणखी कुणाला?"
आईला होता. आम्हाला कळलं तेव्हा ती भिंत धरून चालत होती.
"सख्खी भावंडं?"
"एक बहीण."
"त्यांना सांगा. आजच."

१५ मार्च
नाही सांगितलं.
ताईशी अकरा वर्षं बोलणं नाही. आई गेल्यावर म्हणाली होती, "तू तिच्याजवळ राहायचीस. तिला दिसत नाही हे तुला दिसलं नाही?" मग सहा वर्षांपूर्वी एकदाच फोन. "बटण, एकदा डोळे दाखवून घे." बस्स, एवढंच. मनात म्हटलं, टोमणे मारायची हौस अजून फिटली नाही! फोन ठेवून दिला.
बटण मला फक्त तीच म्हणते.

१८ मार्च
झोंबत नाही. जवळजवळ नाहीच.
त्या दोन मिनिटांत ताई दिसते. लपाछपीत राज्य तिच्यावर आलं की भिंतीला तोंड करून आकडे म्हणायची, आणि बोटांच्या फटीतून बघायची. पकडली की, "मी कुठे बघितलं!" मग पहिली मलाच शोधून काढायची. मला ते आवडायचं.
आज दोनाची पाच मिनिटं झाली.

२२ मार्च
फोन केला. "ताई." पाठ केलेलं वाक्य म्हटलं — आईचं होतं ते मला झालंय, तू तपासून घे.
ती म्हणाली, "किती गेलंय?"
"उजव्याची कड."
"येते मी."
कधी, ते विचारायचं राहिलं.

२५ मार्च
पायरीवर कुणी चढलं की मान वर होते. आज तीनदा टाका चुकला.

२७ मार्च
ताईचा फोन आला. उद्या येतेय. दुकानातला आरसा पुसला. डोळे लाल नाहीत. बरं झालं — रडत बसले होते असं वाटायला नको तिला.

२८ मार्च
आली! केस सगळे पांढरे. दारातूनच म्हणाली, "बटण, किती वाळलीस गं." किल्लीवाल्यानं ऐकलं. आता तो काही मला सोडत नाही.
अकरा वर्षांवर दोघीही बोललो नाही. चहा दोनदा झाला.
संध्याकाळी मी कुपी काढली. तिनं पर्स उघडली. तसलीच कुपी. एकच थेंब, डोळे मिटले, बोटं नाकाजवळ. मी काही शिकवलं नव्हतं.
"कधीपासून?"
"सहा वर्षं झाली. कळलं त्याच दिवशी तुला फोन केला होता."

२९ मार्च
आज दोघींनी एकदमच थेंब घातले. शेजारी शेजारी, डोळे मिटून. दोन मिनिटं व्हायच्या आधी मी नुसता उजवा उघडला. ताई उजवीकडेच बसली होती, हाताच्या अंतरावर. दिसली नाही. मान वळवावी लागली.