फोटोत नसलेला डाग

अण्णा,

होळीनंतरचा पहिला रविवार, सकाळी पावणेअकरा. कल्याणच्या आपल्या स्टुडिओत, मागच्या खोलीत बसून तुम्ही माझ्या हनुवटीवरचा डाग पुसलात. माझं लग्न जमवायचं होतं, स्थळांना पाठवायला फोटो हवा होता. निगेटिव्ह काचेवर ठेवलीत, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढलंत आणि श्वास रोखून, टिंबाला टिंब जोडत डाग भरून टाकलात. मी शेजारीच उभी होते. मला विचारलं नाहीत. "बघ, आता कोणाला कळणारसुद्धा नाही," म्हणालात, तेही माझ्याकडे न बघता.

इतक्या वर्षांनी हे उकरून काढतेय, कारण आज पुन्हा तेच झालं. नोकरीतून निवृत्त होऊन मी डोंबिवलीत घरी बसले आणि हौस म्हणून फोटो काढायला लागले. हौस कसली, कसरत आहे. सकाळचा कोवळा उजेड आणि नळाचं पाणी एकाच वेळी येतं, म्हणून एक डोळा बादलीवर ठेवून दुसऱ्याने कॅमेऱ्यात बघायचं. मग कुकर, मग परीक्षेला बसलेल्या पोरांची इंग्रजीची शिकवणी. कॉन्व्हेंटात घातलंत, त्याचा एवढा तरी उपयोग. या आठवड्यात गच्चीवर बायका कुरडया घालताहेत आणि कठड्यापलीकडे पांगारा लालभडक फुललाय. शिकवणी लवकर सोडून मी तिथे ठाण मांडलं. पाडव्याला सोसायटीच्या हॉलमध्ये ते फोटो लागणार आहेत. माझं पहिलं प्रदर्शन. शेजारीण म्हणाली, "काकू, माझ्या मानेवरच्या वळ्या तेवढ्या घालवा हो." मी म्हटलं, "कुरडयांच्याही घालवू का? मग नुसता चीक दिसेल." सगळ्या हसल्या. वळ्या राहिल्या.

फलकावर छापायला माझा फोटो हवा होता, तो सुनेने तिच्या फोनमधून पाठवला. आज सकाळी फलक छापून आला. हनुवटी गुळगुळीत, डाग गायब. "आई, किती गोड दिसताय! फोन आपोआप करतो तसं," सून म्हणाली. "मग पाडव्याला फोनलाच नेसव साडी," मी म्हटलं. तिचा चेहरा उतरला. तिचा काय दोष? त्या डागाची गोष्ट तिला ठाऊकच नाही. ती फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक.

मी दहा वर्षांची आहे. हॉलतिकिटाच्या फोटोंसाठी स्टुडिओत रांग लागलीय आणि मोठा दिवा धरायला तुम्ही मला उभं केलंय. दिवा तापलाय. "अण्णा, हात भाजतायत," मी म्हणते. "हलू नकोस गं, हा एकच राहिलाय," तुम्ही म्हणता. तेवढ्यात बल्ब फुटतो आणि काच हनुवटीत घुसते. तुम्ही रुमाल दाबलात, मला स्टुलावर बसवलंत, दुसरा दिवा लावलात आणि त्या गिऱ्हाइकाचा फोटो पुरा केलात. मग डॉक्टर. घरी आईला सांगितलंत, जिन्यावरून पडली. शाळेत सिस्टरांना मीही जिनाच सांगितला. खोटं बोलणं पाप आहे, हे त्याच शिकवायच्या. पुढे मला बघायला आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "हे फोटोत नव्हतं हो." तुम्ही मला पुन्हा एकदा जिन्यावरून पाडलंत. लग्न झालं, पण त्या जाईपर्यंत, भाजी अळणी झाली की एकच प्रश्न: "फोटोतली मुलगी कुठे ठेवलीस गं?" मी काय सांगणार? ती तुमच्या पेन्सिलीने केलेली.

फलक मी परत पाठवलाय, डागासकट नवा छापायला सांगून. सेक्रेटरी कुरकुरतोय. कुरकुरू दे. त्याच्याशी माझं भांडण नाही, तुमच्याशी आहे. तो डाग कोणाचा लपवलात, माझा की तुमचा? पाडव्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या आत, मला लेखी उत्तर हवं. "तुझ्या भल्यासाठी" हे उत्तर धरलं जाणार नाही. तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, एवढी अक्कल मला आहे, पण मुदत वाढवून मिळणार नाही. आणि एक सांगते, जे आजवर कोणाला सांगितलं नाही. त्या दुपारी ओला फोटो पाण्यातून काढून तुम्ही माझ्यासमोर धरलात, तेव्हा मी तोंडाने चकार शब्द काढला नाही, कारण ती मुलगी मला आवडली होती. तुम्हालाही तीच हवी होती का, एवढं तरी लिहा.