वरची मूठ

मी हिलारिया वेइझागा, दिवंगत कासियानो सेखास यांची विधवा, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार क्लीसा, धंदा मक्याची आंबवलेली दारू, म्हणजे चिचा, गाळून विकणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण नोटरीसाहेब म्हणाले, कायद्यात गुडघ्यांची अट नाही. मला कोणी धाक घातलेला नाही. कोणाची छाती असेल तर घालून बघावा. शाळेत मी जेमतेम दोन हिवाळे गेले, म्हणून अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे. अर्थ सरळ आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

लिहिताना कागदावर माती पडते आहे, कारण रस्त्याकडच्या खोलीत गवंडी भिंत फोडतो आहे. का, ते आधी सांगायचं होतं. नोटरीसाहेब म्हणतात क्रमाने घ्या. घेते.

कलम पहिले. घराचा मागचा भाग, अंगण आणि डुकरांचा गोठा मुलगा एफ्राइन याला. अंगणातलं मोयेचं झाड तोडायचं नाही. त्याच्या सावलीत बसलेलं गिऱ्हाईक एक वाटी जास्त पितं.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते मुलगी लुर्देस हिला. ती तिकडे परदेशात, बेर्गामोत, परक्या म्हाताऱ्यांची उस्तवार करते आणि मला स्वेटर पाठवते. स्वेटर परत मिळणार नाहीत. सगळ्यात जाडा घालूनच मला पुरायचं आहे, खाली गारठा असतो म्हणतात.

कलम तिसरे. तांब्याची मोठी कढई, ढवळायचे दांडे, गाळायच्या टोपल्या, भोपळ्याच्या वाट्या आणि चिचा तयार झाली की दारावर लावायचं पांढरं निशाण, हे सगळं सून निएवेस हिला. हात चांगला आहे तिचा. पण अट आहे, आणि अट समजायला यंदाच्या जत्रेत काय घडलं ते लिहावं लागेल. साहेब, तुम्ही घड्याळ बघू नका.

आमच्या समोर गुमेर्सिंदाचं दुकान आहे. मका भिजवायचा, पेंढ्याखाली झाकून मोड आणायचे, उन्हात वाळवायचा आणि चिचा करणाऱ्या बायकांना विकायचा, एवढंच तिचं काम. ती माझी वैरीण आहे. मी नवी नवरी असताना माझं पहिलं निशाण लागलं, तेव्हा तिने माझी चिचा चाखून भर चौकात म्हटलं होतं, "हे तर पाय धुतलेलं पाणी!" तेव्हापासून गावात माझं नाव पायधुवी. माझ्या लेकरांनाही पायधुवीची पोरं म्हणत.

तरी मका मी तिच्याकडूनच घेतला. इथे बांधलेल्या गिऱ्हाइकाला कासेरा म्हणतात आणि बांधलेल्या दुकानदारणीलाही कासेराच म्हणतात. गाठ दोन्हीकडून. माप भरलं की कासेरा वरून एक मूठ टाकते, तिला यापा म्हणतात. गुमेर मला शिव्या घालत मूठ टाकायची, मी शिव्या देत पोतं उचलायची. वैर वैराच्या जागी, मका मक्याच्या जागी.

मग शहरातून ट्रक यायला लागला. एफ्राइन म्हणाला, "आई, अर्ध्या भावात देतोय. आणि गुमेर तर तुझी वैरीण! तिचं घर कशाला भरतेस?"

"वैरीण माझी आहे, तुझी नाही," मी म्हणाले. "आणि ती माझी कासेरा आहे."

"भाव बघ ना पण!"

भाव काय मला कळत नाही? एका कांद्यासाठी बाजारात बाया रडवल्यात मी. पण पाय सुजलेले होते, वाद घालायला अंगात जोर नव्हता. घेतला त्याने. आणि खरं लिहायचं तर ट्रकचा मका वाईट नव्हता. गोड होता, मोड सारखे आले होते. वर जायच्या वेळी मक्याबद्दल खोटं कशाला बोलू?

घोटाळा झाला तो फुकटच्या बाटलीने. ट्रकवाला वरून मूठ टाकत नाही. पोत्यामागे फरशी धुवायच्या औषधाची बाटली देतो. डोळ्यांत झोंबणारी. निएवेसने विचार केला, जत्रा आली, रांजण चकाचक करू. त्या बाटलीने घासले. माझ्या सासूच्या सासूचे रांजण! त्यांना गरम पाणी आणि गवत सोडून कधी काही लागलं नव्हतं. चिचा फसफसवणारा जीव रांजणाच्या मातीतच राहतो. तो बिचारा धुऊन गटारात गेला.

रस शिजवला, निववला, रांजणांत ओतला. दुसऱ्या दिवशी कान लावला की आत कुजबुज ऐकू यायला हवी. शुकशुकाट. तिसऱ्या दिवशीही तेच. नुसती गोड पेज बसली होती. कार्मेन मातेची जत्रा तोंडावर, नाचणाऱ्यांच्या दोन टोळ्यांना शब्द दिलेला. एफ्राइनने ट्रकवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "माल उतरवला की आमचं काम संपलं, भाऊ. मंगळवारी येतोच आहे, अजून चार पोती टाकू का?"

मी डोक्यावर टोपी घातली आणि रस्ता ओलांडला.

"काय गं पायधुवे," गुमेर दारातूनच ओरडली, "वाट चुकलीस?"

"माझे रांजण मुके झालेत."

कोणाचा मका, हे तिने विचारलं नाही. कंबर धरून उठली, लंगडत आली, रांजणात तोंड घालून वास घेतला. "यात ओतलं काय मेल्यांनो?"

निएवेसने बाटली दाखवली.

"अगं पोरी! तू रांजण धुतले नाहीस, त्यांचा गळा घोटलास!" मग एफ्राइनकडे वळली. "आणि तू, स्वस्ताईच्या राजा, हातगाडी काढ."

घरच्यापुरती चिचा करायचा तिचा स्वतःचा जुना रांजण, तळाशी मागच्या चिचेचा गाळ जिवंत, एफ्राइनने हातगाडीवर ढकलत आणला. रस्ता ओलांडला की झालं असतं. तिने त्याला मुद्दाम बाजाराला वळसा घालायला लावला. सगळ्यांनी पाहिलं. मी इतकी हसले की दात हातात आला.

उकळतं पाणी आणि गवताने आमचे रांजण पुन्हा पुन्हा खळबळले, वास गेला, मग तिचा गाळ घातला. दुसऱ्या सकाळी कान लावला. बोलत होते! बोलत कसले, भांडत होते, तिच्यासारखेच. निशाण वेळेवर लागलं.

"गाळाचं काय देऊ?" मी विचारलं.

"गाळ विकत नसतात. मका घेणारणीला मिळतो."

"मी तर घेतला नव्हता."

"घेशील. जातेस कुठे?"

आणि गेल्या आठवड्यात कळलं, गुमेरचंच दुकान जाणार. सगळं गाव ट्रककडे वळलं, तिचं भाडं थकलं, मालकाने सर्व संतांच्या सणापर्यंत जागा रिकामी करायला सांगितलं. तिथे मोबाइलची कव्हरं विकणार आहेत. कव्हर लावून रांजण बोलता होत असेल तर मला कळवावं.

म्हणून कलम चौथे, ज्यासाठी मी चार दिवस झोपले नाही! माझ्या घराची रस्त्याकडची खोली गुमेर्सिंदाला, ती जिवंत असेपर्यंत, भाड्याशिवाय, मोडाचा मका विकण्यासाठी. नोटरीसाहेब म्हणाले, मृत्युपत्रातलं मेल्यावर लागू होतं. मी म्हटलं, मला एवढी वाट बघवत नाही, मी आजच देते. कागद एवढ्यासाठी की माझ्यामागे एफ्राइनने तिला हुसकू नये. रस्त्याकडे दारापुरतं भोक पडलं! आत्ता, हे लिहिताना! गवंड्याची पहार पलीकडे गेली आणि उजेड आत आला.

"आई, तिथे माझी मोटारसायकल असते!" एफ्राइन ओरडतो आहे.

डुकरांशेजारी लाव. ती तुझ्यासारखी भाव विचारत बसत नाहीत.

निएवेसची अट ही: कढई आणि निशाण तिचं, पण मका त्या खोलीतून. साबण, मीठ, छत्री भाव बघून घ्या, मीही घेते. पण रांजण मुका झाल्यावर जी उठून येते, तिच्याशी घासाघीस करावी, तिला सोडू नये. आणि सर्व संतांच्या सणाला मेलेली माणसं घरी जेवायला येतात, तशी मीही भर दुपारी येईन, तेव्हा माझ्यासाठी मांडलेल्या मेजावर त्याच मक्याची चिचा हवी. नसेल तर मी शेजाऱ्यांच्या मेजावर बसेन, सगळ्या मेलेल्यांदेखत.

कलम पाचवे. पायधुवीचा राग मी कोणाला देत नाही, सोबत नेते. एफ्राइनने तो पुढे चालवू नये. त्याला नीट जमणार नाही.

गुमेर्सिंदाला साक्षीदार होता येत नाही, कारण तिला खोली मिळते. ती खिडकीबाहेर उभी राहून ओरडते आहे, "माझं पूर्ण नाव लिही, गुमेर्सिंदा सिनफोरोसा! आणि खोली लहान आहे!"

लिहिलं.

साक्षीदार: देल्फिना आल्माराझ, पाववाली. एलेउतेरियो झुरिता, गवंडी, अंगठा (चुन्याचा). नोटरीकडचे कारकून रुफिनो तेर्रासास.

क्लीसा, २८ ऑक्टोबर २०१७. सही: हिलारिया वेइझागा.

माप भरलं. आता वरची मूठ. ही वेगळ्या कागदावर लिहून, पाकिटात बंद करून सोबत जोडते आहे, हिच्याखालीही त्याच साक्षीदारांच्या सह्या आहेत, आणि मी मेल्यावरच हिचं पाकीट फोडून गुमेरसमोर मोठ्याने वाचावं, तिला कमी ऐकू येतं: बये, सगळ्या खोऱ्यात तुझ्यासारखा मका कोणाचा नव्हता. हे तोंडावर कधी बोलले नाही, बोलणारही नाही. मरेपर्यंत रोज त्या नव्या दारात येऊन नाक मुरडूनच घेणार आहे.