पिंपातली, बिनपाण्याची

४ फेब्रुवारी

दादाची गाठ परत आली. जिभेच्या मुळाशी. सर्जन म्हणाले — जीभ काढावी लागेल, सगळी. काढली तर माणूस हाती लागेल. नाही तर वर्ष निघणं कठीण.

दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "ठमे, सुटलीस. आता तुला टोमणे कोण मारणार?" सर्जन हसले. मला दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली.

५ फेब्रुवारी

दादाने कपाटातून बाटली काढली. निवृत्तीच्या दिवशी दारूच्या कारखान्याने दिलेली सिंगल माल्ट व्हिस्की. त्यानेच निवडलेल्या पिंपातून थेट भरलेली — कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे पिंपातून निघाली तशी, पाणी अजिबात न घालता. जन्मभर गोदामात पिंपं हुंगली त्याने. तिथे त्याला "नाक" म्हणायचे. गेल्या वर्षी गळ्याला किरणं दिली आणि नाक, जीभ दोन्ही गेली. बाटली उघडायची राहिली ती राहिलीच.

आता म्हणतो, "हिची चव लागली तर जीभ देणार नाही. नाही लागली तर खुशाल नेऊ देत. मेलेलं लाकूड कशाला सांभाळायचं?"

महिनाअखेर कळवायचंय. म्हणजे माझा भाऊ जगणार की नाही हे बाटली ठरवणार. काय पण पंच नेमलाय!

८ फेब्रुवारी

मला कामाला जुंपलंय. मी हुंगायचं, चाखायचं आणि त्याला सांगायचं. मी पडदे शिवणारी बाई, आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. पहिल्या वासालाच डोळ्यांतून धारा. "नाक खुपसू नकोस. तोंड जरा उघडं ठेव. हळू." पहिला घोट चवीसाठी नसतोच म्हणे. तो नुसता जिभेला कळवायला — पाहुणे आलेत.

माझ्या ग्लासात त्याने चमच्याने पाणी सोडलं. "तुला झेपायची नाही."

विझवलेली चूल. दवाखान्यातली पट्टी. मागून कुठून तरी संत्र्याची साल. पट्टी म्हटल्यावर स्वारी खूश. "तो पीटचा धूर. दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि त्या धुरावर बार्ली सुकवतात."

मग स्टीलच्या चमच्याने थेंबभर स्वतःच्या जिभेवर. बिनपाण्याची. चेहरा पिळवटला. "नुसती आग."

१२ फेब्रुवारी

आज पुन्हा आग. मला बरं वाटलं. लाज वाटली, तरी बरंच वाटलं.

१५ फेब्रुवारी

रिकामा ग्लास न धुता ठेवायचा आणि सकाळी हुंगायचा, ही त्यांच्या गोदामातली रीत. दारू उडून जाते, उरतं ते खरं. मी सांगितलं — राख, आणि मधासारखं काहीतरी.

डोळे मिटून ऐकत होता. "शेवटी खारट लागते?"

"लागते."

"माझंच पिंप ते." आणि रडायला लागला. वहिनी गेली तेव्हाही असा रडला नव्हता.

खरं लिहायचं तर मला ती आवडायला लागली आहे. घोट गेल्यावर धूर किती वेळ घशात रेंगाळतो! तो काय घालवून बसलाय ते आत्ता कुठे कळतंय. तरी मला जीभ नको, भाऊ हवा. मुका चालेल. नळीने जेवणारा चालेल.

१९ फेब्रुवारी

सकाळी चहाचा घोट घेऊन थबकला. "मला गोड लागलं की काय काहीतरी?"

मी म्हटलं, भास असेल. दिवसभर शिवण उसवत बसले.

२१ फेब्रुवारी

तो अंघोळीला गेला तेव्हा अर्धी बाटली मोरीत ओतली आणि तेवढंच पाणी भरलं. बाटली गडद हिरवी, दिसायचं नाही काही. पातळ झाली की काय डोंबल लागणार आहे त्याला. देव मला क्षमा करो वा न करो.

२२ फेब्रुवारी

दुपारी त्याने चमचा जिभेवर टेकवला. मी सुईत दोरा ओवत होते, ओवला जाईना.

"धूर," तो म्हणाला. मग, "संत्रं." मग कितीतरी वेळाने, "मीठ."

माझ्याकडे पाहिलं. "पाणी घातलंस तू."

मी मानेनेच हो म्हटलं. म्हटलं, आता जमदग्नी होणार. तर हा हसायलाच लागला, डोळे पुसत. "चाळीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, कडक दारूने जीभ बधीर होते, पाणी घाला, मग वास मोकळे होतात. आणि स्वतःच्या पिंपाची मात्र ऐट! वाटलं, मेलेल्या जिभेला जितकी कडक तितकी बरी. चांगल्या जिभेला सोसत नाही ती, हिला कुठून सोसणार? माझ्या डोक्यात आलं नाही ते तुझ्या आलं, ठमे."

खरं सांगायला तोंड उघडलं. त्याने माझा हात धरून ठेवला होता. सांगता आलं नाही.

२३ फेब्रुवारी

दादाने सर्जनना फोन करून ऑपरेशन नको म्हणून कळवलं. आता दारात उभा राहून शेजाऱ्यांना सांगतोय — माझी जीभ बहिणीने वाचवली.